रायबहादूर रामब्रह्म सान्याल

बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील बहुतेक विद्यार्थी केव्हा ना केव्हा लोकलने भायखळ्यास जाऊन जिजामाता उद्यान, म्हणजे त्यांच्या आजी-आजोबांची राणीची बाग, पाहून आलेले असतात. परत आल्यावर त्यांच्या तोंडी वाघाचे नाव असते. परंतु अशा कोणत्याही बागेत मुलांचा खरा वेळ जातो तो माकडांपुढे. माकडाचे हात, त्याचे डोळे, पिलास पोटाशी धरण्याची रीत, सारेच आपल्यासारखे. म्हणून हसू येते, आणि जो क्षणभर अधिक थांबेल त्यास थोडी लाजही वाटते. या मुक्या कैद्यांची व्यवस्था कशी ठेवावी हे एक शास्त्र आहे व ते कष्टाने शिकावे लागते, ही गोष्ट ज्यांनी फार लवकर ओळखली व लिहून ठेवली, त्या कलकत्त्याच्या रामब्रह्म सान्याल यांचे चरित्र आम्ही या अंकी सादर करीत आहो.

रामब्रह्मबाबूंचा जन्म बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातील महुला या गावी झाला. डॉक्टर होण्याच्या इच्छेने ते कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले. तेथे सुमारे तीन वर्षे काढली असतील नसतील, तोच त्यांची दृष्टी अधू होऊ लागली आणि अभ्यास अर्ध्यावर सोडणे त्यांस भाग पडले. हाती पदवी नाही व डोळ्यांचा भरवसा नाही, अशा स्थितीत कोणीही खचून जावे. सुदैवाने त्यांचे एक अध्यापक त्यांस विसरले नाहीत. डॉ. जॉर्ज किंग हे वनस्पतिशास्त्र शिकवीत व हुगळीकाठच्या शिवपूर येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे अधीक्षकही होते. कलकत्त्यास अलीपूर भागात त्या वेळी प्राण्यांची नवी बाग उभी राहत होती. तेथे झाडे लावण्याच्या व जमीन आखण्याच्या कामावर देखरेखीस त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याची तात्पुरती नेमणूक करून दिली.

या बागेसाठी जागा मिळाली ती बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दीत. हेच टेंपलसाहेब पुढे आमच्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. श्वेंडलर नावाच्या एका जर्मन विद्युत्तज्ज्ञाने आपला खासगी प्राणिसंग्रह बागेस देऊन टाकला, आणि १ जानेवारी १८७६ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. रामब्रह्मबाबू कामावर आले ते त्याच महिन्यात. मजुरांवर देखरेख करण्यास आलेला हा तरुण पायरी पायरीने चढत त्या बागेचा अधीक्षक झाला; त्या जागेवर बसणारा तो पहिला हिंदी मनुष्य होय.

त्या काळी जगातील बहुतेक पशुसंग्रहालयांत प्राणी येत, थोडे दिवस जगत व मरत. त्यांच्या जागी दुसरे आणले जात. का मेले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. अलीपूरच्या बागेत मात्र एक दैनिक नोंदवही ठेवली जाई. कोणता प्राणी आज कसा वागला, काय खाल्ले, काय टाकून दिले, कोण आजारी पडला, कोणास पिले झाली, हे रामब्रह्मबाबू तीत रोज नोंदवीत. ज्याच्या डोळ्यांनी कॉलेजात दगा दिला, त्याने पुढची तीस वर्षे पाहण्याचेच काम करावे, यातील योगायोग आम्हांस नेहमी नवलाचा वाटतो.

याच नोंदींतून १८९२ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. दक्षिण बंगालच्या हवेत बंदिवान प्राण्यांची व्यवस्था कशी ठेवावी, हा त्याचा विषय. ग्रंथाचा आरंभ वानरवर्गापासून होतो. एकेका जातीविषयी तिचे राहण्याचे घर, आहार, प्रजा, आजारातील उपचार आणि प्रवासात घ्यावयाची काळजी, असे सरळ विवेचन त्यात आहे. भाषेचा फुलोरा कोठेही नाही. इंग्लंडातील नेचर या शास्त्रीय नियतकालिकाने ग्रंथाची दखल घेतली. न्यूयॉर्कच्या ली क्रँडल यांचा मोठा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षे, या विषयावर सान्यालांच्या तोडीचे पुस्तक क्वचितच होते, असे जाणकार मानतात.

येथे थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. नीट घर, पोटभर अन्न व आजारात औषध एवढे मिळाले, तरी माकडाचे भागत नाही. रानात त्याचा दिवस अन्न शोधण्यात, साल सोलण्यात, कळपातील भांडणे मिटविण्यात व एकमेकांचे अंग साफ करण्यात जातो. पिंजऱ्यात तेच अन्न ताटलीतून येते व काही मिनिटांत संपते. उरलेल्या दिवसाचे करावयाचे काय? मग ते एका जागी डुलत राहते, येरझारा घालते, स्वतःचे केस उपटते, प्रसंगी स्वतःचाच हात चावते. पाहणारे यास खोडी समजतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांनी १९२५ साली लिहिले की, बंदिवान वानरांस खेळावयास व काम करावयास साधने द्यावीत. पुढे हा विचार रुजला, आणि १९८५ साली त्या देशाच्या कायद्यात वानरांच्या मानसिक स्वास्थ्याची तरतूद करण्यात आली. आता चांगल्या संग्रहालयांत दाणे पेंढ्यात लपवितात, ओंडक्यास भोके पाडून त्यांत मध भरतात, चढावयास फांद्या व दोर देतात, आणि शक्यतो कोणास एकटे ठेवीत नाहीत. शिकवणीही बदलली आहे. पूर्वी सुई टोचावयाची तर जाळे टाकून चार माणसे माकडास दाबून धरीत. आता प्रत्येक योग्य कृतीस फळाचा तुकडा देत देत त्यास असे शिकविता येते की, ते आपण होऊन हात पुढे करते. ज्यांनी उल्हासनगरच्या गल्लीत मदाऱ्याचा डमरू ऐकला आहे, त्या पालकांस दोन शिकवणींतील अंतर सांगावयास नको. माकडांस असे शिकवून त्यांचे खेळ करण्यास आपल्या सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने बंदी केली.

यांतील नवी साधने रामब्रह्मबाबूंच्या काळी नव्हती. परंतु माकड आज कालच्यापेक्षा निराळे वागते आहे, हे कळावयास काल ते कसे वागले हे कोणी तरी लिहून ठेवलेले असावे लागते. नोंदवहीवाचून यर्क्ससाहेबांची साधनेही आंधळीच राहिली असती, असे आमचे मत आहे.

या दक्षतेचे एक फळ तर जगाने पाहिले. १८८९ च्या जानेवारीत अलीपूरच्या बागेत सुमात्रा जातीच्या दुर्मिळ गेंड्याचे पिलू जन्मले. बंदिवासात त्या जातीचा जन्म पुन्हा होण्यास २००१ साल उजाडावे लागले. तेही दूर अमेरिकेत, सिनसिनाटी येथे.

पुढे मान आपसूक आला. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने त्यांस आपले पत्रव्यवहारी सभासद करून घेतले, सरकारने रायबहादूर ही पदवी दिली. सृष्टिनिरीक्षणावर त्यांचे आणखी एक पुस्तक १८९६ साली निघाले. १८९७-९८ च्या सुमारास स्वामी विवेकानंद बाग पाहण्यास आले, तेव्हा रामब्रह्मबाबूंनी स्वतः हिंडून त्यांस प्राणी दाखविले, आणि उत्क्रांतिवादावर दोघांचा बराच वेळ संवाद झाला. संन्यासी व पशुपालक यांची ती भेट प्रत्यक्ष पाहावयास मिळती तर किती बरे झाले असते!

१९०८ साली रामब्रह्मबाबू निवर्तले. तात्पुरत्या नेमणुकीने धरलेली ती बाग त्यांनी बत्तीस वर्षे सोडली नव्हती. त्यांच्या देखरेखीखाली वाढलेल्यांपैकी अद्वैत नावाचे एक भले मोठे कासव मात्र बागेत मागे राहिले. ते बागेच्या आरंभापासून तेथे होते असे सांगतात. ते वारले २००६ साली.