संत सोहिरोबानाथ आंबिये

पेडणे महालातील पालये गावच्या आंबिये घराण्यात इ. स. १७१४ साली जन्मलेल्या अच्युताचे आयुष्य पस्तिशीपर्यंत दप्तरातच गेले. घराण्याकडे बांद्याचे कुळकर्णीपण होते. वसुलाचे आकडे, वह्या आणि सावंतवाडी दरबारची बोलावणी हाच दिनक्रम. पेडणेही त्या काळी भोसल्यांच्याच अंमलाखाली होते. ते पोर्तुगीजांकडे गेले १७८८ साली.

अशाच एका बोलावण्यावरून वाडीस जात असता ते इन्सुलीच्या रानात विसाव्यास थांबले आणि जवळचा फणस फोडून खाऊ लागले. तोच एक जोगी पुढे येऊन आपणासही त्यातील काही मिळेल का, असे विचारता झाला. अच्युतांनी गरे त्याच्यापुढे ठेवले. तो जोगी म्हणजे साक्षात गहिनीनाथ, असे परंपरा मानते. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर ज्याने त्याने घासून पाहावी. तिचा परिणाम मात्र निर्विवाद आहे. त्यानंतर सोहिरोबांनी वतनाची लेखणी खाली ठेवली.

कुळकर्णीपण म्हणजे केवळ चाकरी नव्हे. ते घरचे अन्न, गावातील मान आणि पुढील पिढ्यांचा आधार. निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडून विरक्त होणारे पुष्कळ. सोहिरोबांनी तो हिशेब मांडलाच नाही.

लेखणी सुटली तरी अक्षर सुटले नाही. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अक्षयबोध’ आणि ‘अद्वयानंद’ हे ग्रंथ व शेकडो पदे त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या मुखातून निघालेली पदे त्यांची बालविधवा बहीण लिहून ठेवीत असे, असे सांगतात. ते खरे असेल, तर त्या माउलीचे ऋण आपण पुरते मानलेले नाही.

उतारवयात ते उत्तरेकडे गेले. ग्वाल्हेरीस महादजी शिंद्यांच्या पदरी पेडण्यातीलच केरीचे जिवबादादा केरकर मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्यामुळे सोहिरोबांची दरबारी भेट घडली. महादजी स्वतः पद्यरचना करीत. आपली कविता दाखवून त्यांनी अभिप्राय विचारला, तेव्हा सोहिरोबांनी स्तुती तर केली नाहीच. अवधूतास राजाची गरज नाही, अशा अर्थाचे हिंदी पद म्हणून ते निघून गेले, अशी आख्यायिका आहे. ज्याने वाडीच्या दरबाराची चाकरी टाकली, त्यास ग्वाल्हेरीचे वैभव कसे बांधणार?

पुढे ते उज्जयिनीस मठ करून राहिले. शके १७१४, म्हणजे १७९२ साली, चैत्र शुद्ध नवमीस ते मठाबाहेर पडले. त्यानंतर ते कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. पेडण्यात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे, आणि पदे तर भजनाच्या बैठकीत आजही गाइली जातात.