कथबर्ट ड्यूक्स

कथबर्ट एस्क्वायर ड्यूक्स (२४ जुलै १८९० – ३ फेब्रुवारी १९७७) हे इंग्लिश विकृतिशास्त्रज्ञ व वैद्यकीय लेखक होते. मलाशयाच्या कर्करोगाचे ‘ड्यूक्स वर्गीकरण’ त्यांच्या नावाने ओळखले जाते. मोठ्या आतड्यातील साध्या गाठी आणि कर्करोग यांच्या संबंधाचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. आज कोलोनोस्कोपीद्वारे केली जाणारी चाळणी तपासणी याच संबंधावर आधारलेली आहे.

प्रारंभिक जीवन

ड्यूक्स यांचा जन्म इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात ब्रिजवॉटर येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. केटरहॅम येथे शालेय शिक्षण घेतल्यावर १९१४ साली त्यांनी एडिनबरा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात सेवा बजावली. या सेवेबद्दल त्यांना ‘ओबीई’ हा किताब देण्यात आला. युद्धानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी जीवाणुशास्त्राचे अध्यापन केले.

सेंट मार्क्स रुग्णालय व वर्गीकरण

मोठे आतडे व मलाशयाच्या विकारांसाठी प्रसिद्ध असलेल्या लंडनमधील सेंट मार्क्स रुग्णालयात १९२२ साली ड्यूक्स पहिले विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा भाग ते बारकाईने तपासत. कर्करोग भित्तिकेत किती खोल गेला आहे आणि कोणत्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे, याची प्रत्येक वेळी नोंद होत असे. पुढे त्याच रुग्णांच्या प्रकृतीचा अनेक वर्षे मागोवा घेतला जाई. या कामात एच. जे. आर. बसी हे त्यांचे दीर्घकाळचे सहकारी होते.

या अभ्यासातून १९३२ साली त्यांनी तीन अवस्थांचे वर्गीकरण मांडले. ‘अ’ (ए) अवस्थेत रोग आतड्याच्या भित्तिकेपुरता मर्यादित असतो. ‘ब’ (बी) अवस्थेत तो भित्तिका ओलांडतो, पण लसिका ग्रंथी मुक्त असतात. ‘क’ (सी) अवस्थेत ग्रंथींनाही लागण झालेली असते. अवस्था जितकी पुढची, तितकी रुग्ण वाचण्याची शक्यता कमी, हे या नोंदींतून स्पष्ट झाले. दूरवर पसरलेल्या रोगासाठीची चौथी अवस्था नंतर इतरांनी जोडली. आता या वर्गीकरणाची जागा मुख्यतः ‘टीएनएम’ पद्धतीने घेतली आहे.

साध्या गाठी व कौटुंबिक पॉलिपोसिस

१९२६ साली ड्यूक्स यांनी मोठ्या आतड्यातील साध्या गाठींचा कर्करोगाशी असलेला संबंध प्रतिपादन करणारा निबंध प्रसिद्ध केला. शल्यविशारद जॉन पर्सी लॉकहार्ट-ममरी यांच्यासह त्यांनी कौटुंबिक पॉलिपोसिस या आनुवंशिक विकाराचाही अभ्यास केला. या विकारात आतड्यात शेकडो पॉलिप (मांसल कोंब) उद्भवतात आणि उपचार न झाल्यास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. अशा कुटुंबांची नोंदवही सेंट मार्क्समध्ये १९२४ साली सुरू झाली. एका रुग्णाच्या निदानावरून त्याच्या भावंडांना व मुलांना वेळीच तपासणीसाठी बोलावणे तिच्यामुळे शक्य झाले.

कोलोनोस्कोपीच्या गुणवत्तेशी संबंध

ड्यूक्स १९५६ साली निवृत्त झाले. संपूर्ण मोठे आतडे आतून पाहून पॉलिप तेथेच काढून टाकण्याची सोय १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोलोनोस्कोपीमुळे झाली. तोपर्यंत शस्त्रक्रियेनंतर ओळखली जाणारी प्रक्रिया आता कर्करोग होण्यापूर्वीच थांबवता येऊ लागली. मात्र घाईने किंवा अस्वच्छ आतड्यात केलेल्या तपासणीत पॉलिप नजरेतून सुटतो, आणि सारे ठीक असल्याचा खोटा दिलासा घेऊन रुग्ण घरी परततो.

त्यामुळे तपासणीच्या गुणवत्तेचे निकष ठरवण्यात आले. आतडे पुरेसे स्वच्छ असणे, दुर्बीण मोठ्या आतड्याच्या आरंभापर्यंत, म्हणजे अंधांत्रापर्यंत पोहोचणे आणि ती बाहेर घेताना निरीक्षणास किमान ६ मिनिटे देणे, हे त्यांपैकी काही होत. तपासलेल्यांपैकी किती टक्के व्यक्तींमध्ये ॲडिनोमा (कर्करोगपूर्व गाठ) सापडला, हे प्रमाण सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. पोलंडमधील ४५ हजारांहून अधिक व्यक्तींच्या तपासणीवर आधारित अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या डॉक्टरांचे हे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते, त्यांच्या रुग्णांत पुढील नियोजित तपासणीपूर्वीच कर्करोग उद्भवण्याचा धोका अधिक असल्याचे त्यात आढळले.

प्रत्येक नमुन्याची नोंद ठेवून ती रुग्णाच्या पुढील आयुष्याशी ताडून पाहण्याची ड्यूक्स यांची पद्धत या मोजमापातही दिसते. फरक इतकाच, की त्यांनी रोगाच्या अवस्था मोजल्या. आता तपासणाऱ्याचे कामही मोजले जाते.