अंगणवाडीतलं अंगण

एटापल्लीहून सूरजागडच्या बाजूला वळलात की गावागावांत काय नाही याची यादी लांब होते. कुठे बस नाही, कुठे रेंज नाही, आणि आठवीनंतरची शाळा म्हणाल तर बहुतेकांना आश्रमशाळेच्या होस्टेलवरच जावं लागतं. पण टोल्यावर अंगणवाडी मात्र बहुधा असते. तुम्हीही लहानपणी तिथेच खिचडीचं ताट घेऊन बसला असाल. सरकारी योजनेच्या नावात हे ‘अंगण’ कुठून आलं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? ते आलं ताराबाई मोडक नावाच्या एका बाईंमुळे. आणि त्यांच्या आयुष्याची काही वर्षं आपल्या विदर्भातही गेलीत.

जन्म 19 एप्रिल 1892, मुंबईचा. घर प्रार्थना समाजाचं, सुधारकी वळणाचं. वडील सदाशिवराव केळकर. मुलींनी चौथीपर्यंत शिकलं तरी लोक भुवया उंचावायचे, त्या काळात 1914 मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. लग्न करून अमरावतीला आल्या, नवरा वकील. संसार काही टिकला नाही. 1921 मध्ये दोघं वेगळे झाले. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, नोकरी करणारी बाई शंभर वर्षांपूर्वी काय काय ऐकून घेत असेल, ते सांगायला नको. त्या राजकोटला गेल्या आणि मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल झाल्या. मानाची, चांगल्या पगाराची जागा. तीही सोडली आणि 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ, मग मासिक, पुस्तकं, आणि 1936 मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. मॉन्टेसरी पद्धतीची ती देखणी लाकडी साधनं, छोट्या खुर्च्या, ट्रेन केलेल्या बाई, हे सगळं शहरातल्या खात्यापित्या घरांच्या मुलांसाठी. खेड्यातल्या पोराचं काय?

म्हणून 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर) बोर्डीला गेल्या. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. तिथून शिकत शिकत त्या शिक्षिका बनल्या होत्या. पुढचं सगळं काम या दोघींचं आहे, हे लक्षात ठेवा. त्याच वर्षी त्याच मुलखात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. ज्या मुलांसाठी शाळा काढायची, त्यांचे आईबाप तेव्हा कोणत्या परिस्थितीत जगत होते, ते यावरून कळेल.

आणि झालं काय? बालवाडी उघडली, बऱ्या घरची पोरं आली. हरिजनवाड्यातली, आदिवासी पाड्यांवरची पोरं आलीच नाहीत.

आता इथे बघा. अशा वेळी शाळावाले सहसा काय म्हणतात, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, मुलं लाजरी आहेत, प्रबोधन केलं पाहिजे. ताराबाईंनी दोष आधी शाळेत शोधला. शाळा यांच्यापासून दूर आहे, तिचं वेळापत्रक यांच्या दिवसात बसत नाही, मग शाळाच उचलून तिकडे न्यावी. वर्ग थेट वाड्यातल्या अंगणात भरू लागला. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, मोजायला शिकवायचं, आणि हे सगळं आयांच्या डोळ्यांसमोर. बाया काम करता करता बघायच्या, मधेच काहीतरी विचारायच्या, हसायच्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. नाव असं पडलं.

महागडी साधनंही गेली. शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे, पाड्यावर जे सापडेल त्यावर शिकायचं.

1957 मध्ये दोघींनी मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलवला, ऐन वारली वस्तीत. ताराबाई तेव्हा पासष्टच्या होत्या. या वयात लोक गुडघे धरून बसतात. तिथे पुन्हा तोच प्रश्न. थोडी मोठी पोरं येत नव्हती, कारण ती गुरं घेऊन जायची. मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेला आणि तिथेच कुरणशाळा भरली. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. मुली येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला नाव दिलं विकासवाडी. दीदी आपल्या वर्गात, बाळ शेजारच्या पाळण्यात. त्या आवाराचा नकाशा खरं तर पाड्यावरच्या अडचणींनीच काढला होता.

1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाड पुढे 1992 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत सांभाळलं. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचं नाव झालं अंगणवाडी. हा शब्द ताराबाईंना देशभर पोहोचलेला बघायला मिळाला नाही. शब्द गेला, पण त्यातलं अंगण बरंचसं मागेच राहिलं, असं मला वाटतं. आज अंगणवाडी म्हणजे ठरलेल्या मापाची खोली, ठरलेली वेळ आणि भरायची रजिस्टरं. धानोऱ्यात तेच, धुळ्यात तेच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे नुसतंच आरतीसारखं होईल. ताराबाईंनी पाड्याकडे नीट पाहिलं, ऐकलं, आणि शाळा बदलली. पण निर्णय शेवटी त्यांचा होता. शाळा कशी असावी हे वारल्यांनी स्वतः बसून ठरवलं, असं तिथे घडलं नाही. त्या काळाच्या मानाने त्या खूप पुढे गेल्या. उरलेलं अंतर कापायचं होतं गावाने.

आपल्या जिल्ह्यात तो प्रयत्न झालाय. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पोरांना घरच्या भाषेत शिकवायचं आणि आपली रीत शिकवायची, हे गावाने ठरवलं. शिक्षण विभागाने मान्यता नाही म्हणून तिला अनधिकृत म्हटलं आणि प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. तुम्ही या वादात कुठल्याही बाजूचे असा, शाळा कशी असावी हे विचारायला गाव उभं राहिलं, ही गोष्ट लहान नाही.

सूरजागडकडे हे प्रश्न आणखी टोकदार आहेत. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेपासून घरची सगळी माणसं जंगलात, मे महिन्यात तेंदूपत्ता. घरात माडिया, पुस्तकात मराठी. पहिलीतल्या पोराला गुरुजी काय म्हणतात तेच कळत नाही. रस्त्यावर खाणीचे ट्रक. पट कमी म्हणून शाळा बंद करायच्या चर्चा अधूनमधून होतच असतात. ठाकूरदेवाच्या जत्रेला जानेवारीत पट्ट्यातली इतकी गावं एकत्र येतात, जंगलाचं, जमिनीचं बोलतात. शाळेचं किती बोलतात?

कायद्यात जागा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा गुरुजी लिहितात आणि बाकीचे अंगठा देतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मोहाच्या हंगामात शाळेची वेळ काय असावी, पहिलीच्या वर्गात माडिया बोलणारं कुणी बसवायचं का, कडेवरच्या बाळाची सोय कुठे, हे सगळं त्या कागदावर मांडता येतं. आणि तुमचं वय अठरा झालं असेल, मतदार यादीत नाव असेल, तर पोरंबाळं नसली तरी तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहातच. शाळेचा आराखडा मागच्या वेळी कुणी लिहिला, तो एकदा बघायला मागता येईल.