गाण्याची वही आणि विनायकबुवा

आमच्यासारख्या छोट्या गावांतही आता गाण्याचे क्लास असतात. संध्याकाळ झाली की पेटीचा सूर ऐकू येतो. मुली वह्या उघडून बसतात, कुणाची प्रवेशिका चालू असते तर कुणाची मध्यमा. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांपूर्वी हे नवलच होतं. गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि मर्जी होईल तेव्हा चार सूर पदरात पाडून घ्यायचे. चारचौघांच्या घरातल्या मुलीला हे कसं जमावं?

ही रीत बदलणाऱ्यांत पुण्याचे पं. विनायकबुवा पटवर्धन मला फार मोठे वाटतात. त्यांचा जन्म १८९८ मध्ये मिरजेला झाला. लहानपणीच ते लाहोरला, पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयात गेले. मिरजेच्या संस्थानिकांनी त्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. १९०१ साली निघालेल्या या विद्यालयात शाळेसारखे वर्ग भरत आणि सुरांच्या खुणा लिहून गाणं शिकवलं जाई.

१९२२ मध्ये बुवा गंधर्व नाटक मंडळीत गेले. बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहिले, नाव झालं. १९३१ मध्ये पलुसकर गेले आणि गुरूंचं काम पुढे न्यायचा प्रश्न शिष्यांपुढे आला. बुवांनी रंगभूमी सोडली आणि ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं तेहेतीस. चालती कमाई सोडून शाळा काढणं संसारी माणसाला किती जड जातं, हे आपण बायका चांगलं जाणतो.

बुवा नुसते शिकवत राहिले नाहीत. त्यांनी 'राग विज्ञान'चे सात भाग लिहिले. रागाची माहिती, स्वरलिपीसह बंदिशी, आलाप, ताना, सगळं त्यात नीट लावून दिलं. घराण्याच्या पेटीत कुलूपबंद असलेलं धन त्यांनी उघड्यावर मांडलं म्हणा ना! क्लासमधून घरी आलेली मुलगी धडा विसरली, तरी पुस्तक उघडून रियाजाला बसू शकली.

पुस्तकातून कुठे गाणं येतं का, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. ते अगदीच खोटं नाही. पण बुवांनाही समोर बसवून शिकवण्याचं मोल ठाऊक होतंच. वडील गेले तेव्हा गुरुपुत्र दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. पुढे बुवांनी त्याला पुण्यात तयार केलं. तोच 'बैजू बावरा'तल्या जुगलबंदीत उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर गायलेला डी. व्ही. पलुसकर!

१९७२ मध्ये बुवांना पद्मभूषण मिळालं. २३ ऑगस्ट १९७५ रोजी ते गेले.

आज काही जण नुसत्या सर्टिफिकेटसाठी परीक्षा देतात, हे मीही पाहते. वाईट वाटतं. पण त्यात बुवांचा काय दोष? त्यांनी दार उघडून दिलं. आत जाऊन बसायचं की उंबऱ्यावरूनच परत फिरायचं, हे आपल्या हातात आहे. लग्नानंतर माळ्यावर गेलेली गाण्याची वही कुणाकडे असेल तर आज जरा खाली काढा. सूर लागेल, वेळ लागला तरी.