वालचंद हिराचंद : गाडी जोडणं वेगळं, बनवणं वेगळं

फोनच्या बॉक्सवर मेड इन इंडिया दिसलं की कोणीतरी म्हणतंच, चिप बाहेरची, इथे फक्त जोडणी. गाड्यांच्या बाबतीत हाच वाद आपल्याकडे 80 वर्षांपूर्वी रंगला होता. त्यात सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी मधोमध होते.

जन्म 1882 चा. फाटक नावाच्या भागीदारासोबत रेल्वेची कंत्राटं, भोर घाटातले बोगदे, 1919 मध्ये सिंधिया ही जहाज कंपनी. प्रत्येकावर वेगळा लेख होईल, पण मला त्यांची गाडीची गोष्ट जास्त भारी वाटते.

तेव्हा मुंबईत जनरल मोटर्स आणि फोर्डचे असेंब्ली प्लांट होते. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे, इथे जोडले जायचे. म्हणजे पान्हा फिरवायचं काम आपलं. फाउंड्री, गिअर कापणारी मशिन, डिझाइन, या नोकऱ्या बाहेर. सरकारला आयात कर मिळायचा, तोही बंदरावर एकदाच. कारखाना इथे असता तर उत्पादनावर, कंपनीच्या नफ्यावर, भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांवर, सगळीकडून कर आला असता.

विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंद त्यात उतरले आणि 1939 मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायसलरशी जमलं. पण ब्रिटिश सरकारने युद्धाच्या कामात हे बसत नाही म्हणून हात झटकले. युद्धाला ट्रक तर लागतच होते, ते आले बाहेरून! गंमत म्हणजे 1940 मध्ये याच माणसाने बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, तीच आजची एचएएल. विमान चालतं, गाडी नाही. मला तरी यात बाजार राखण्याचाच हिशोब दिसतो.

शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 ला कुर्ल्यातून गाडी बाहेर पडली. खरं सांगायचं तर सुरुवातीला तीही क्रायसलरच्या भागांची जोडणीच होती. फरक एवढाच, की हळूहळू भाग इथे बनवायचा प्लॅन होता.

तो पूर्ण झालेला त्यांनी पाहिला नाही. 1949 मध्ये पक्षाघात झाला, 8 एप्रिल 1953 ला ते गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने ठरवलं, भाग इथे बनवणार असाल तरच थांबा. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. याची किंमत ग्राहकाने मोजली हेही खरं : मोजकी मॉडेल्स आणि वर्षानुवर्षांचं वेटिंग.

कुर्ल्यात पुढे फियाट बनली, तिचीच नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. कारखान्यातल्या कामगारांपलीकडे तिने मुंबईत टॅक्सीवाले, गॅरेजवाले, स्पेअर पार्टवाले अशा कितीतरी घरांची चूल पेटवली. काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून हटली ती थेट ऑक्टोबर 2023 मध्ये.