वेगाचा उपासक

मुंबईहून पुण्याला जाणारी जुनी सडक पनवेल सोडल्यावर चौक, खालापूर, खोपोली ही गावे मागे टाकीत सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन ठेपते. तेथून बोरघाटाची चढण सुरू होते. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि मधून नागमोडी वळणे घेत वर जाणारी वाट! १८३० साली ह्या घाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता तयार झाला. पुढे आगगाडी आली. कर्जत स्थानकात गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी, त्यांनी मागून रेटा द्यावा आणि तेव्हाच गाडीने घाट चढावा, अशी ही अवघड चढण आहे. पुढे लोणावळ्याकडील तलावांत साठवलेले पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण होऊ लागली. ते वीजघर उभारले टाटांच्या उद्योगसमूहाने. जमशेटजी टाटा यांनी ह्या कामाचे स्वप्न पाहिले होते आणि त्यांचे पुत्र दोराबजी यांनी ते पुरे केले.

ह्याच टाटा घराण्यातील एका तरुणाला वेगाचे विलक्षण वेड होते. मुंबई-पुण्याच्या सडकेवरून आपली बुगाटी मोटार भरधाव हाकण्यात त्याला अपार आनंद वाटे. त्या काळी बुगाटी हे नाव युरोपातील शर्यतींच्या मैदानांवर गाजत होते. ह्या तरुणाचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सारा देश पुढे त्यांना जे. आर. डी. ह्या नावाने ओळखू लागला.

जहांगीरचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी हे जमशेटजींचे नातलग व त्यांच्या व्यवसायातील सहकारी होते. आई सुझान फ्रेंच होती. त्यामुळे मुलाचे बालपण काही फ्रान्समध्ये, काही मुंबईत असे गेले. फ्रान्सच्या समुद्रकाठी हार्डलो नावाचे एक गाव आहे. टाटा कुटुंब उन्हाळ्यात तेथे राहावयास जाई. लुई ब्लेरिओ ह्या वैमानिकाचे घरही तेथेच होते. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारा तो हाच ब्लेरिओ. वाळवंटावर विमान उतरले की गावातील पोरे धावत सुटत. त्या पोरांत लहानगा जहांगीरही असे. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसावयास मिळाले. तो फेरफटका अवघ्या काही मिनिटांचा होता. परंतु आपणही एक दिवस विमान चालवावयाचे, ही इच्छा त्याच दिवशी त्याच्या मनात पक्की झाली.

इच्छा झाली म्हणून ती लगेच पुरी होत नाही. १९२३ साली आईचे छत्र हरपले. काही काळ फ्रेंच सैन्यात काढून १९२५ साली जहांगीर मुंबईस परतला आणि टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून काम शिकू लागला. पुढच्याच वर्षी वडीलही वारले. बाविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांची आणि घराची जबाबदारी त्याच्या शिरावर येऊन पडली. दिवसभर कचेरीतील कागदपत्रांत डोके घालणाऱ्या ह्या तरुणाला विरंगुळा म्हणून एकच गोष्ट प्रिय होती. ती म्हणजे वेग.

मोटारीचा वेग आनंद देतो, तसा तो संकटही आणतो. मुंबईत मोटार बेफाम हाकल्यावरून एकदा जहांगीरवर खटला झाला व त्याला वकिलाचे घर गाठावे लागले. घाटातील वळण तर असे असते की तेथे चालकाच्या धाडसापेक्षा त्याच्या सावधपणाचीच कसोटी लागते. यंत्र कितीही बलवान असो, हात आणि मन ताब्यात नसेल तर ते यंत्र दरीतच नेऊन टाकते. वेगाला शिस्तीची जोड हवी. जहांगीरला ती शिस्त पुरती लाभली ती मात्र विमानाच्या सहवासात.

१९२९ च्या आरंभी मुंबईत विमानविद्या शिकवणारी संस्था सुरू झाली. जहांगीरने तात्काळ तेथे नाव घातले आणि थोड्याच दिवसांत तो एकट्याने विमान चालवू लागला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला हा पहिलाच परवाना होता. त्यावरील क्रमांक एकचा आकडा जन्मभर त्यांच्या अभिमानाचा विषय झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला जो भारतीय प्रथम एकट्याने विमान घेऊन जाईल, त्याला पाचशे पौंड मिळणार होते. निघाल्यापासून एका महिन्याच्या आत प्रवास पुरा झाला पाहिजे, अशी अट होती. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु त्या वेळची विमाने म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेली हलकी यंत्रे होती. वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नसे. ऊन, वारा, वाळू सारे तोंडावर झेलावे लागे. जमिनीवरून वाट सांगणारी बिनतारी यंत्रणा नव्हती. नकाशा मांडीवर ठेवून, नद्या, किनारे आणि रेल्वेचे रूळ पाहत वाट शोधावी लागे. वाळवंटात यंत्र बंद पडले तर मदत केव्हा येईल ह्याचा नेम नसे.

तीन तरुण ह्या शर्यतीत उतरले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग आणि कराचीचा आस्पी इंजिनिअर हे दोघे इंग्लंडहून भारताकडे निघाले. आस्पी तर अवघ्या सतरा वर्षांचा होता. जहांगीर मात्र उलट दिशेने, कराचीहून लंडनकडे निघाला. १९३० सालचा मे महिना होता. इराणचा रखरखीत किनारा, इराकचे वाळवंट आणि पॅलेस्टाईनची भूमी ओलांडीत तो इजिप्तमधील अबुकीर येथील विमानतळावर उतरला.

तेथे त्याला एक विमान उभे असलेले दिसले. ते आस्पीचे होते. चौकशी करता कळले की, आस्पीच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले आहेत. इंजिनात पेट्रोलची वाफ पेटवणारी ठिणगी ह्या प्लगमधून पडते. प्लग नाही तर ठिणगी नाही आणि ठिणगी नाही तर इंजिन चालत नाही. आस्पीजवळ दुसरे प्लग नव्हते. ते कोठून तरी येईपर्यंत वाट पाहत बसणे, एवढेच त्याच्या हाती होते. दिवस तर एकेक करून हातचे जात होते.

जहांगीरजवळ जादा प्लग होते. शर्यतीत एक स्पर्धक अडकून पडला होता. जहांगीरने काही न बोलता इंधन भरून पुढे उड्डाण केले असते, तरी कोणी त्याला दोष दिला नसता. नियम मोडला असे होणार नव्हते. शिवाय पुढे भूमध्य समुद्र ओलांडावयाचा होता. स्वतःच्या इंजिनाने दगा दिला तर हेच जादा प्लग जीव वाचवणार होते. परंतु समोरचा मुलगा वाळवंटाच्या काठी अडकला आहे आणि त्याला हवी असलेली वस्तू आपल्याजवळ आहे, एवढेच जहांगीरने पाहिले. त्याने आपले जादा प्लग आस्पीला देऊन टाकले. दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला आणि एक पूर्वेस, एक पश्चिमेस असे ते उडून गेले.

शर्यतीचा निकाल लागला तो असा. मनमोहन सिंग कराचीला प्रथम पोचले; परंतु वाटेत खोळंबा झाल्यामुळे त्यांची महिन्याची मुदत एका दिवसाने टळली होती. जहांगीर लंडनला पोचण्यापूर्वीच आस्पी कराचीला उतरला आणि बक्षीस त्याला मिळाले. ज्या प्लगांनी आस्पीला जिंकून दिले, ते त्याच्या प्रतिस्पर्ध्याने दिलेले होते. जहांगीरने त्याचे कधी दुःख मानले नाही. ह्या यशाने आस्पीला वायुसेनेची वाट मोकळी झाली. पुढे एअर मार्शल आस्पी इंजिनिअर हे १९६० ते १९६४ ह्या काळात भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. एक शर्यत जहांगीर हरले खरे. पण त्या हरण्यातून देशाला एक सेनानी मिळाला.

जिंकण्याहरण्याच्या पलीकडचे एक मोठे काम आता जहांगीरांची वाट पाहत होते. नेव्हिल व्हिन्सेंट ह्या वैमानिकाच्या साहाय्याने त्यांनी विमानातून टपाल नेण्याची योजना आखली. सरकारने पैशाची मदत नाकारली. तरीही दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीहून टपालाची थैली घेऊन जहांगीरांनी स्वतः विमान उडवले. वाटेत अहमदाबादला ते उतरले. तेथे विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! दुपारी दोनच्या सुमारास त्यांचे छोटे विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिन्सेंट पुढील टपाल घेऊन मद्रासकडे गेले. भारतातील नियमित विमानवाहतुकीचा हा आरंभ होय.

जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा विमाने, वैमानिक आणि कारागीर असा सारा पसारा पुण्यास हलवावा लागे. त्या चार महिन्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांचे दाट पांघरूण असते. कर्जत-खालापूरकडील डोंगर दिवसेंदिवस दृष्टीस पडत नाहीत. ज्या घाटात मोटार जपून हाकावी लागे, त्याच डोंगररांगेवरून आता विमाने जपून न्यावी लागत. तरीही टपाल वेळेवर पोचलेच पाहिजे, असा जहांगीरांचा दंडक होता. वेगाचे वेड आता नेमकेपणाच्या व्रतात बदलले होते. त्यांच्या कंपनीचा वक्तशीरपणा पाहून सरकारी अधिकाऱ्यांनीही तिची वाखाणणी केली.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जहांगीर साऱ्या टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख झाले. पोलाद, वीज, रसायने, मोटारी अशा कितीतरी उद्योगांचा भार त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे वाहिला. विज्ञानाच्या मूलभूत संशोधनासाठी १९४५ साली एक संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत डॉ. होमी भाभा यांच्या पाठीशी ते खंबीरपणे उभे राहिले. त्यांच्या विमान कंपनीचे पुढे एअर इंडिया असे नाव झाले आणि १९४८ साली तिचे विमान मुंबईहून थेट लंडनपर्यंत जाऊ लागले. १९५३ साली सरकारने विमानवाहतूक आपल्या हाती घेतली. हा निर्णय जहांगीरांना रुचला नव्हता. तथापि, राग धरून ते बाजूला झाले नाहीत. १९७८ पर्यंत त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद सांभाळले. स्वतः प्रवास करताना ते चहाची चव, खिडक्यांचे पडदे, दिव्यांचा उजेड असे सारे बारकाईने पाहत आणि उणिवा टिपून ठेवीत. कोणतीही गोष्ट क्षुल्लक म्हणून त्यांनी कधी सोडली नाही.

पहिल्या टपाल-उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं. नी जुन्या बनावटीच्या लहान विमानातून कराचीहून मुंबईपर्यंत पुन्हा एकट्याने उड्डाण केले. नव्या पिढीला साहसाची ओढ लागावी, हाच त्यामागील हेतू होता. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांनी देह ठेवला. त्यांनी सुरू केलेली विमान कंपनी २०२२ च्या जानेवारीत पुन्हा टाटा समूहाकडे आली.

बोरघाटातून आज दररोज हजारो वाहने धावतात आणि त्यांच्या वरून विमाने जातात. वेग आता कोणालाही मिळतो. परंतु वेगाने जात असतानाही वाटेत अडलेल्या सोबत्याकडे पाहून थांबणे, जवळची वस्तू त्याला देणे आणि मग हसतमुखाने पुढे जाणे, हे ज्याला साधते तोच खरा वेगाचा उपासक. जहांगीर टाटांना ते पंचविसाव्या वर्षीच साधले होते.

स्वाध्याय

१. विमान चालवण्याची आवड जहांगीरच्या मनात कशी निर्माण झाली?
२. आगाखान यांच्या बक्षिसासाठी कोणती अट होती? ती पाळणे त्या काळी कठीण का होते?
३. अबुकीर येथे जहांगीरने जे केले, त्यात त्याला स्वतःला कोणता धोका होता?
४. ‘वेगाचे वेड नेमकेपणाच्या व्रतात बदलले’ ह्या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
५. खेळात हरूनही ज्याचा मान वाढला, अशा एखाद्या व्यक्तीची हकीकत दहा ओळींत लिहा.