वाटाण्याच्या रोपांतून हवेचा शोध घेणारे सोस्यूर

सोस्यूर हे नाव मराठीच्या अभ्यासकांना भाषावैज्ञानिक फर्दिनां द सोस्यूर यांच्यामुळे परिचित आहे. त्यांच्या आजोबांचे बंधू निकोला-थिओदोर द सोस्यूर हे मात्र वनस्पतींचे अभ्यासक होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पिके अधिक जोमाने वाढतील काय, हा आजचा प्रश्न त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहिला.

१४ ऑक्टोबर १७६७ रोजी जिनिव्हात जन्मलेल्या थिओदोर यांना विज्ञानाचा वारसा घरातूनच लाभला. वडील ओरास-बेनेदिक्त हे आल्प्स पर्वताचे विख्यात संशोधक. १७८८ मध्ये पितापुत्रांनी तीन हजार मीटरहून उंच असलेल्या एका हिमाच्छादित खिंडीत मुक्काम ठोकून हवामानाची निरीक्षणे नोंदवली. मोजमापाची ही शिस्त पुढे वनस्पतींच्या अभ्यासात त्यांच्या कामी आली.

वनस्पती आपले शरीर मातीतील कुजलेल्या द्रव्यापासून घडवते, असा तेव्हा अनेकांचा समज होता. सोस्यूर यांनी बंद काचपात्रांत रोपे वाढवली. हवा आणि रोपे यांत झालेला फरक काटेकोरपणे मोजला. वनस्पतीतील कार्बन मुख्यत्वे हवेतून येतो, वाढीत पाण्याचाही वाटा असतो, तर नायट्रोजन व क्षार मुळांवाटे मिळतात, हे त्यांनी १८०४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

त्याच ग्रंथात वाटाण्याच्या रोपांचा प्रयोग आहे. हवेचा सुमारे बारावा हिस्सा कार्बन डायऑक्साइड असताना उन्हातील रोपे साध्या हवेतल्यापेक्षा अधिक वाढली. प्रमाण फारच वाढवताच ती कोमेजली. सावलीत तर हा वायू त्यांना अपायकारकच ठरला.

पुढे जिनिव्हाजवळच्या शांबेझी येथे त्यांनी हवेतील या वायूचे प्रमाण वर्षानुवर्षे मोजले. १८ एप्रिल १८४५ रोजी त्यांचे निधन झाले.

औद्योगिक युगापूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० असलेले हे प्रमाण आज ४२० च्या वर गेले आहे. उघड्या शेतांतील आधुनिक प्रयोगांत भात, गहू आणि झाडेही वाढीव वायूत जोमाने वाढतात. परंतु नायट्रोजन अपुरा पडला की हा जोम ओसरतो. शिवाय धान्यातील प्रथिने व जस्त घटते. केवळ हवेवर पीक पोसत नाही, हे सोस्यूर यांच्या काचपात्रांनी तेव्हाच सुचवले होते.